धागा: मुलांचं मैदान बारा महिने सुरक्षित कसं ठेवता? अनुभव लिहा

पुणे (धागाकर्ती)

आमच्या चार सोसायट्यांच्या मधोमध मुलांचं छोटं मैदान आहे. दोन झोपाळे, घसरगुंडी, सी-सॉ, जंगल जिम. खेळणी पालिकेची, देखभाल आम्ही वाटून घेतलेली. मैदान उभं करायला निधी मिळतो, फीत कापायला पाहुणेही मिळतात. पण पुढे जुलैत साखळीची कडी कोण बघणार, हे कुठल्याच कागदावर नसतं. म्हणून हा धागा. 'पालकांनी लक्ष द्यावं' एवढंच लिहू नका. कशाकडे, कोणत्या महिन्यात, कसं, ते लिहा.

सुरुवात मी करते. झोपाळ्याची साखळी वर जिथे अडकवलेली असते तिथे लोखंडावर लोखंड घासतं. कडी आतल्या बाजूने झिजते आणि खाली उभं राहून ते अजिबात दिसत नाही. शिडी लावायची, साखळी उचलून धरायची आणि कडीच्या आतून बोट फिरवायचं. तिसरा हिस्सा झिजली असेल तर बदलायची, असा आमचा नियम आहे. कडीचं तोंडही पूर्ण मिटलेलं हवं. फटीत रुपयाचं नाणं शिरत असेल तर त्यात फ्रॉकची लेस, ओढणी, बोट, काहीही अडकू शकतं. हे काम आम्ही सुट्ट्यांच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या आधी एकदा करतो, कारण झोपाळ्यांवर सगळ्यात जास्त ताण त्याच दिवसांत येतो.

रत्नागिरी

ताई, विषय काढलात ते फार बरं केलंत. आमच्याकडे खारा वारा आणि चार महिने पाऊस, त्यामुळे लोखंड खातं. पण ते खातं कुठे, हे बघा. पाइप वरून चकचकीत असतो आणि जमिनीत शिरतो नेमका तिथेच कुजतो. माती, पालापाचोळा आणि पाणी त्या एका रेषेवर साठतं. दरवर्षी रंग मारला जातो तो मातीच्या वर वर, आणि गंजावरच. असा रंग म्हणजे मैदानाची काळजी घेतली असं समजू नये. उलट त्याने गंज झाकला जातो.

आम्ही मे महिन्यात प्रत्येक खांबाच्या बुडाशी वीतभर माती उकरतो आणि छोट्या हातोडीने ठोकून बघतो. चांगला पाइप खणखणतो, सडलेला बद्द वाजतो किंवा सरळ पोचा पडतो. जिथे पोचा पडला तिथे रंगाऱ्याला नाही, वेल्डरला बोलवायचं. बाकीच्यांचा गंज तारेच्या ब्रशने पार धातू दिसेपर्यंत काढायचा, मग प्रायमर, मग रंगाचे दोन हात. खांबाभोवती काँक्रीटचा उतरता कठडा बांधून घेतलात तर पाणी बुडाशी थांबत नाही. नवीन खेळणी घेत असाल तर जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपचा आग्रह धरा. महाग पडतो, पण टिकतो.

दुसरी गोष्ट दिव्यांच्या खांबांची. पावसाळ्यात मला सगळ्यात जास्त धास्ती त्यांचीच वाटते. खांबाच्या पायथ्याचं जंक्शन बॉक्सचं झाकण उघडं आणि आत टेप लावलेल्या वायरी, हे दृश्य गावोगाव दिसतं. ओल्या पायांनी मूल त्या खांबाला धरून गोल गोल फिरतं. बागेच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच, बसवून घ्या, अर्थिंग तपासून घ्या, आणि आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून तो खरंच पडतो का ते बघा. यात काटकसर नको.

ठाणे

छोटीशी भर. झोपाळ्याला किंवा चढायला टायर लावले असतील तर त्यांना खालून दोन-तीन भोकं पाडा. टायरमध्ये साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूच्या डासांची अंडी ते डास ही वाटचाल आठ-दहा दिवसांत पुरी होते. आठवड्यातून एक कोरडा दिवस घरात पाळतो तसा मैदानातही पाळायचा.

नागपूर

आमची अडचण उन्हाची. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. स्टीलची घसरगुंडी दुपारी तव्यासारखी तापते, पण काळे रबरी टाइल्सही तितकेच चटके देतात, याचा विचार बसवताना कुणी करत नाही. मुलं चपला काढून पळतात. पाच सेकंद तळहात टेकवता आला नाही तर त्या खेळण्यावर मूल बसवायचं नाही. हे आम्ही आजीआजोबांना, सांभाळणाऱ्या मावशींना, सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. उन्हाळ्यात मैदान सकाळी आणि संध्याकाळी उन्हं उतरल्यावरच उघडतं. घसरगुंडीचं तोंड पश्चिमेकडे होतं, ते काढून उत्तरेकडे वळवून घेतलं, पलीकडे कडुनिंब लावले. झाडं मोठी होईपर्यंत हिरवी शेडनेट आहे. वादळी पावसाच्या आधी ती उतरवावी लागते, नाहीतर खांबांसकट उडते.

कोल्हापूर

आमच्या मैदानावर गणेशोत्सवाचा मांडव पडतो, नवरात्रात पुन्हा पडतो. मांडव उतरला की राहतात ते खड्डे, खिळे आणि बांधायच्या तारा. खड्ड्यावर माती नुसती लोटलेली असते. पाऊस झाला की ती खचते आणि धावणाऱ्या पोराचा पाय घोट्यापर्यंत आत जातो. आता मंडळाचे कार्यकर्तेच हे काम करतात. त्यातल्या निम्म्यांची मुलं तिथेच खेळतात, त्यामुळे समजावायला फार वेळ लागला नाही. खड्डा मुरूम घालून थराथराने चोपायचा. खिळ्यांसाठी जुन्या स्पीकरची लोहचुंबकं काठीला बांधून सगळं मैदान विंचरून काढायचं. पहिल्यांदा फिरवलं तेव्हा डबाभर खिळे निघाले. दिवाळीनंतर हेच पुन्हा, कारण फुलबाज्यांच्या तारा गवतात लपतात.

संक्रांतीचा मांजा सगळ्यात वाईट. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली बंदी घातली, पण तो अजूनही येतोच. झाडावरून लोंबतो, झोपाळ्याच्या खांबाला गुंडाळतो, आणि संध्याकाळच्या उजेडात दिसत नाही. जानेवारीभर रोज सकाळी कुणीतरी एकाने मैदानाला फेरी मारून तो गोळा करायचा. हातमोजे घालून, आणि तुकडे करून कचऱ्यात. तसाच टाकला तर पक्ष्यांच्या पायात अडकतो.

न्यू जर्सी

मी इथल्या गावाच्या पार्क समितीत स्वयंसेवक आहे. इथे अमेरिकी ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाची क्रीडांगणांसाठीची पुस्तिका प्रमाण मानतात. तिच्यातल्या दोन गोष्टी तुमच्याकडे बिनखर्चात वापरता येतील. पहिली, फटी. साडेतीन इंचांहून मोठी आणि नऊ इंचांहून लहान फट धोक्याची, कारण लहान मुलाचं धड पायांच्या बाजूने त्यातून सरकतं आणि डोकं अडकतं. कठड्यांचे गज, शिडीच्या पायऱ्या, सगळीकडे टेप लावून मोजा.

दुसरी, खालची जमीन. मैदानावरच्या इजा बहुतेक पडण्याच्याच असतात, त्यामुळे खेळण्याच्या रंगापेक्षा खाली काय आहे हे जास्त महत्त्वाचं. काँक्रीट, डांबर चालत नाहीच, गवतसुद्धा पुरेसं धरत नाहीत. आम्ही लाकडाच्या ढलप्या बारा इंच टाकतो, दबून नऊ होतात. झोपाळ्याखाली आणि घसरगुंडीच्या तोंडाशी पायांनी त्या उकरल्या जातात, म्हणून दर आठवड्याला फावड्याने पुन्हा सारख्या कराव्या लागतात. थंडीत ढलप्या गोठून दगडासारख्या झाल्या की आम्ही उंच खेळणी बंद करतो. थंडीतच आणखी एक काम असतं. कोटाच्या टोपीच्या दोऱ्या घसरगुंडीच्या वरच्या कोपऱ्यात अडकून गळफास बसू शकतो, म्हणून प्रवेशाशीच त्या काढून ठेवायला सांगतो. सायकलचं हेल्मेटही खेळताना नको, ते फटीत अडकतं.

रत्नागिरी

न्यू जर्सीकर, ढलप्या इथे एका पावसाळ्यात कुजतील, वाळवी येईल ती वेगळीच. आम्ही वाळू घातली. दगड फोडून केलेली वाळू नको, तिच्यातली भुकटी ओली झाली की दबून टणक होते. धुतलेली, गोल कणांची हवी. मांजरं येतात म्हणून रात्री हौदावर जाळी टाकतो.

न्यू जर्सी

बरोबर आहे. फक्त उंचीकडे लक्ष द्या. नऊ इंच वाळू साधारण चार फुटांवरून पडलेल्यालाच सांभाळते, ढलप्या दहा फुटांपर्यंत. वाळू असेल तर खेळणी बुटकीच ठेवा.

सांगली

माझा मुलगा व्हीलचेअरवर आहे. वाळूत चाकं रुततात. फाटकापासून निदान एका खेळण्यापर्यंत सपाट, पक्की, न घसरणारी वाट ठेवा, एवढीच विनंती. आमच्या कॉलनीने ती केली आणि तो आता इतर मुलांच्या मधे जाऊन बसतो. पावसाळ्यात त्या वाटेवरचं शेवाळ आम्ही ब्लीचिंग पावडरने घासतो, मग धुऊन टाकतो.

डोंबिवली

झाडांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. गुलमोहर सावलीला छान, पण फांदी ठिसूळ, पहिल्याच वादळात मोडते. शहरात फांद्या छाटायलाही झाडांच्या संरक्षणाच्या १९७५ च्या कायद्याप्रमाणे पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. अर्ज मार्चमध्येच करा, म्हणजे मेअखेर छाटणी होते. कुंपणाला पिवळी कण्हेर लावू नका. दिसायला सुरेख, पण तिचं बी विषारी आणि मुलं भातुकलीत वापरतात. शेवग्यावर पावसाळ्यात केसाळ सुरवंटांचे पुंजके बसतात, त्याच्या खाली घसरगुंडी नको. आणि मोठ्यांची व्यायामाची यंत्रं मुलांच्या खेळण्यांना चिकटून बसवलेली असतील तर मधे कुंपण घाला. त्या सांध्यांमध्ये लहान बोटं चेंगरतात.

पुणे (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. फटी उद्याच मोजते, आणि वाळू कुठली आहे तेही विचारते. एक प्रश्न आहे. खेळणं मोडलं आणि दुरुस्तीला आठवडा लागणार असेल तर तोवर काय करता? आम्ही पाटी लावतो, पण मुलं बसतातच.

कोल्हापूर

पाटीने काही होत नाही, ताई. लहान मुलांना वाचता येत नाही, मोठी वाचत नाहीत. झोपाळा मोडला तर साखळीसकट काढून कार्यालयात कुलपात ठेवायचा. घसरगुंडीची शिडी खालच्या चार पायऱ्यांपर्यंत फळ्या ठोकून बंद करायची, खिळ्यांची टोकं आतल्या बाजूला. सी-सॉची फळी मधला बोल्ट काढून खाली उतरवायची. दुरुस्त झाल्यावर ज्याने काढलं त्यानेच बसवायचं, स्वतः बसून, झोका घेऊन बघायचं, मग मुलांना सोडायचं.