जगातल्या कापडांच्या कोशात लेस कुठे बसवावी?

सूतगुंडी, नाशिक

नमस्कार मंडळी,

आम्ही काही जण मिळून जगातल्या कापडांचा मराठी कोश करतोय. मांडणी देशवार ठरलीय. घाना उघडलं की केंटे, इंडोनेशिया उघडलं की बाटिक. बरीच पानं झाली आणि आता गाडं लेसपाशी येऊन अडलंय. आमच्यातल्या एका ज्येष्ठांचं म्हणणं असं की लेस हे कापडच नव्हे, ती कापडाला लावायची वस्तू. फिती, गोंडे, बटणं यांच्याबरोबर परिशिष्टात अर्धं पान दिलं की झालं.

मला हे मुळातच मान्य नाही. मी वस्त्रतंत्र शिकवायचे. कुठलंही कापड हातात आलं की आधी सूत मोजायचं भिंग लावते आणि धागा कुठून येतो, कुठे जातो ते बघते. लेसमध्ये नुसत्या धाग्यातून सलग पट उभा राहतो. तोही मागाशिवाय, आणि शेवटी खाली पायाचं कापडही उरत नाही.

सुईची लेस घ्या. तिचा उगम भरतकामातच आहे. इटलीत लिननमधले धागे काढून, उरलेल्यांवर काजाचा टाका घालत जाळी करायचे, ते रेतिचेल्ला. सोळाव्या शतकात व्हेनिसमध्ये ते लिननही गेलं. नक्षी चर्मपत्रावर काढायची, चर्मपत्र दुहेरी कापडावर टाचायचं आणि नक्षीच्या रेषेवर धागा ठेवून तो बारीक टाक्यांनी खालपर्यंत पकडायचा. पुढचं सगळं काम या रेषेच्या धाग्याला धरून. काजाच्या टाक्यांची एक ओळ, तिच्या फासांत अडकवलेली दुसरी, मग तिसरी. सुई चर्मपत्रात घुसवायचीच नाही. नक्षी भरली की कापडाच्या दोन थरांमध्ये कात्री घालायची आणि पकडीचे टाके कापायचे. लेस मोकळी होऊन हातात येते. पुन्तो इन आरिया म्हणतात ते हेच. याला ‘लावायची वस्तू’ म्हणून परिशिष्टात ढकलायचं?

दुसरी अडचण देशवार मांडणीची. लेस एका देशात थांबलीच नाही. फ्रान्सचा पैसा व्हेनिसला जातोय म्हणून चौदाव्या लुईचा अर्थमंत्री कोल्बेर यानं १६६५ मध्ये आलाँसोंसारख्या गावांत राजाश्रयानं लेसचं काम सुरू केलं, शिकवायला व्हेनिसच्या बायका आणवल्या. आपल्याकडे १८२० च्या दशकात नागरकोइलला मार्था मॉल्ट या मिशनरी बाईंनी लेस शिकवायला सुरुवात केली. १८४० च्या दशकात मिशनऱ्यांकडूनच क्रोशाची लेस नरसापूरला पोचली. नरसापूर म्हणजे आपली गोदावरी समुद्राला मिळते तिथलं. फ्रान्सखाली आलाँसों, इटलीखाली व्हेनिस आणि भारताखाली नरसापूर अशी विभागणी केली तर वाचकाला हा प्रवास कळणार कसा?

तेव्हा विचारायचंय ते असं: नोंद कुठे आणि केवढी? क्रोशा, टॅटिंग (छोट्या धोटीनं गाठी घालत करायची लेस), सुयांवरचं जाळीदार विणकाम लेसमध्येच धरायचं का? आणि यंत्रावरच्या लेसचं काय करू?

मागकरी, येवला

ताई, घरात पिढ्यान्‌पिढ्या पैठणी आहे, म्हणून बॉबिन लेसबद्दल चार शब्द. तुम्ही सुईच्या लेसवर भरभरून लिहिलंत, हिला मात्र हातच लावला नाहीत.

उशीवर नक्षीचा कागद, त्यावर टाचण्या, आणि टाचण्यांवरून लोंबणाऱ्या जोड्याजोड्यांनी कांड्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, हे तर आपलंच. पदरावर मोर विणतानाही प्रत्येक रंगाची कांडी वेगळी असते. पण जरा वेळ बघत बसलो तेव्हा मोठा फरक दिसला. आमचा ताणा शेवटपर्यंत ताणाच राहतो, बाणा त्यातून येतो-जातो. तिथे आत्ता आडवी गेलेली जोडी पुढच्या वळणावर उभी होते आणि उभीतली एक आडव्या कामाला लागते. चाली मात्र दोनच. चार धाग्यांतले मधले दोन एकमेकांवरून न्यायचे. मग दोन्ही जोड्यांत उजवा धागा डाव्यावरून टाकायचा. टाचणी लावायची, पुढे सरकायचं. फ्लँडर्सच्या, म्हणजे आजच्या बेल्जियमकडच्या, बारीक लेसमध्ये अशा शेकडो कांड्या एकाच उशीवर असत.

माझं मत, विणकामाच्या प्रकरणाला लागूनच ही नोंद हवी. मागावर बसणाऱ्याला यातून ताणा-बाणा नव्यानं कळतो.

पानमोजणी, पुणे

विरोधाला विरोध म्हणून लिहीत नाही, पण कोशाचं काम केलेला माणूस आहे. लेसला मोठी नोंद दिलीत की प्रत्येक भोकाभोकाचं कापड दार ठोठावणार. लखनौच्या चिकनमधली जाळी घेणार? मागावरचं लेनो घेणार? मच्छरदाणी? रेघ आधी आखा, पानं नंतर मागा.

सूतगुंडी, नाशिक

पानमोजणी, रेघ आखायला हवी हे अगदी खरं. माझी रेघ अशी: काम पुरं झाल्यावर पायाचं कापड उरतं का, आणि ते मागावर झालं का? चिकनच्या जाळीत मलमलीचे धागे न कापता सुईनं बाजूला ओढून बांधतात. मलमल तिथेच राहते, म्हणून ते भरतकाम. लेनोमध्ये ताण्याचे शेजारचे धागे बाण्याभोवती पीळ घेतात. दिसायला जाळी, पण मागावरची, म्हणून विणकाम. रेतिचेल्ला बरोब्बर सीमेवर आहे, आणि म्हणूनच ते लेसच्या नोंदीत पहिल्या परिच्छेदात हवं.

मच्छरदाणीचं तुम्ही सहज लिहिलंत, पण तो धागा महत्त्वाचा आहे. जॉन हीथकोटनं १८०९ मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्रानं उशीवरच्या लेसची साधी षट्कोनी जाळी हुबेहूब करून दाखवली. मग १८१३ मध्ये जॉन लीव्हर्सचं यंत्र आलं, पुढे त्याला छिद्रांच्या पट्ट्यांवरून नक्षी उठवणारं जकार्ड जोडलं गेलं आणि इंग्लंडमधलं नॉटिंगहॅम, फ्रान्समधलं कॅले ही लेसची मोठी केंद्रं झाली. यंत्रावरची लेस टाळली तर हातलेस का मागे पडली हे सांगताच येणार नाही.

क्रोशाकाकू, इंदिरानगर, नाशिक

अगं, क्रोशाला बाहेर ठेवू नकोस! १८४० च्या दशकात आयर्लंडमध्ये दुष्काळ पडला तेव्हा तिथल्या बायकांनी व्हेनिसच्या लेसची नक्कल आकड्यावर केली आणि त्यावर घरं चालवली. सुईला लागणाऱ्या वेळाच्या मानानं काम भरभर उरकायचं, म्हणून ते जमलं. ही लेस नव्हे म्हणणार का?

वेगळेपण मात्र नीट लिही. सुयांवरच्या विणकामात ओळभर फास एकाच वेळी जिवंत असतात, एक निसटला की खालपर्यंत शिडी पडते. क्रोशात बहुतेक वेळा एकच फास जिवंत. साखळी घाला, मुका खांब घाला की लांब खांब, आधीचा फास बंद करूनच पुढे जायचं. म्हणून क्रोशा शेवटच्या टोकाकडून सरसर उसवतो. टॅटिंगमध्ये प्रत्येक टाका ही गाठच, तिथे उसवायला बसलं की डोळ्यांत पाणी. नमुना हातात आला की टोक ओढून बघायचं, हे कोशात लिहाच. वाचकाच्या कामी येईल.

आणि मेन रोडला मीटरवर मिळते ती जीपीओ लेस. मोठ्या भरतयंत्रावर विरघळणाऱ्या पटावर भरतकाम करतात, मग पट विरघळवून टाकतात, मागे नुसता दोरा उरतो. व्हेनिसची कात्री आणि हे विरघळवणं यातली युक्ती एकच आहे. क्रोशाची म्हणून विकतात तीही पुष्कळदा यंत्रावरचीच असते. खरा क्रोशा अजून हातानंच होतो. म्हणून नरसापूरच्या बायका घरी बसून नगावर विणतात ते नोंदीत आलंच पाहिजे. २०२४ मध्ये तिथल्या क्रोशाला भौगोलिक मानांकन मिळालं, तेही लिही. नक्षीचं कौतुक सगळे करतात, विणणारीला काय मिळतं ते कुणी छापत नाही.

सूतगुंडी, नाशिक

काकू, हे शेवटचं वाक्य मी बैठकीत जसंच्या तसं वाचून दाखवणार आहे.

आता माझं ठरलं. देशवार भागाच्या आधी तंत्रांचा एक छोटा भाग घालायचा आणि लेसची मुख्य नोंद तिथे, विणकामाला लागून. सुई, उशी, आकडा, टॅटिंगची धोटी आणि यंत्र, सगळं एका ठिकाणी. देशांखाली चारपाच ओळी आणि ‘पाहा: लेस’. क्रोएशियाखाली पागची सुईची आणि लेपोग्लावाची बॉबिनची लेस येईल, ती युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत २००९ मध्ये गेली. फ्रान्सखाली आलाँसों, २०१० मध्ये. भारताखाली मात्र चार ओळींवर भागवणार नाही. नागरकोइल आणि नरसापूर यांना स्वतंत्र नोंदी मागणार, आणि त्यात मजुरीचाही परिच्छेद असेल.

मागकरी दादा, जोडी उभ्याची आडवी कशी होते त्याची आकृती तुम्ही कागदावर काढून द्याल का? पैठणीच्या बाण्याची आकृती शेजारीच छापू. आणि काकू, एकाच दोऱ्यात केलेले क्रोशाचे आणि टॅटिंगचे तळहाताएवढे नमुने हवेत, टोकं मोकळी ठेवून. शनिवारी सकाळी सार्वजनिक वाचनालयात आमचं काम चालतं, तिथे आणलेत तर भिंगाखालचे फोटो लगेच काढून घेऊ.