'राजा इडिपस'च्या अभिवाचनातून कोरस गाळावा का?

तिसरी_घंटा यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या हौशी नाट्यमंडळात प्राचीन ग्रीक नाटककार सॉफोक्लीसच्या 'राजा इडिपस'च्या अभिवाचनाची तयारी चालू आहे. संहितेला कात्री लावायला बसलो तेव्हा पहिला घाव कोरसवर, म्हणजे नाटकात मधूनमधून नाचत-गात येणाऱ्या समूहावर, पडला. दिग्दर्शकांचे म्हणणे असे की, इडिपस आणि आंधळा भविष्यवेत्ता टायरेसियस यांची खडाजंगी संपते न संपते तोच थीबीजची वृद्ध मंडळी गाऊ लागतात, कथानक जागच्या जागी थांबते आणि श्रोते चुळबुळ करू लागतात. तेव्हा ही सगळी गाणी गाळून कार्यक्रम सव्वा तासात बसवावा. मी स्वतःही वाचताना ही गाणी नुसती नजरेखालून घालून पुढे सरकलो होतो, त्यामुळे बैठकीत विरोध करायला मला तोंड नव्हते.

तरीही एक गोष्ट खटकते. सॉफोक्लीसने रंगभूमीवर तिसरा नट आणला आणि त्याच सॉफोक्लीसने कोरसमधील माणसे 12 वरून 15 केली, असे वाचले आहे. ज्याला कोरस ही अडगळ वाटत होती त्याने संख्या वाढवली नसती. मग अथेन्सच्या प्रेक्षकाला या पंधरा माणसांकडून नेमके काय मिळत होते? आणि आजच्या अभिवाचनात त्यातले काय टिकवता येईल? जाणकारांनी सांगावे.

जुनी_संहिता यांचे उत्तर

आपण प्रश्न विचारताना नाटक हे मूळ आणि कोरस ही त्याला दिलेली जोड, असे गृहीत धरले आहे. अथेन्समध्ये क्रम नेमका उलटा होता, आणि तो त्यांच्या बोलण्यातही दिसतो. डायोनिसस देवाच्या डायोनिसिया उत्सवातील नाट्यस्पर्धेत उतरू इच्छिणारा कवी नगराच्या मुख्य आर्खोनकडे, म्हणजे अधिकाऱ्याकडे, जाऊन 'कोरस मागत' असे. अर्ज मंजूर झाला तर आर्खोन त्याला 'कोरस देत' असे. नाटक बसवण्याच्या कामाला 'कोरस शिकवणे' म्हणत. प्रेक्षागृहासमोरच्या जागेचे नावच ऑर्केस्ट्रा, म्हणजे नाचण्याची जागा. परंपरेने पहिला नट मानलेला थेस्पिस हा गाणाऱ्या-नाचणाऱ्या समूहातून बाजूला होऊन बोलू लागला, सॉफोक्लीसच्या आधीचा नाटककार एस्किलस याने दुसरा नट आणला आणि सॉफोक्लीसने तिसरा. कोरस आधीपासून होताच. नट मागाहून आले.

आता खर्चाचे पाहू, कारण एखाद्या समाजाला कशाची किंमत वाटते हे तो पैसा कुठे ओततो त्यावरून कळते. नटांचे मानधन नगर देत असे. कोरसचा खर्च मात्र एखाद्या धनिक नागरिकाच्या माथी मारला जाई. त्याला खोरेगोस म्हणत. युद्धनौकेचा खर्च उचलणे हे जसे श्रीमंतांचे सार्वजनिक कर्तव्य होते, तसेच हे. तालमीची जागा, शिक्षक, जेवणखाण, पोशाख, मुखवटे असे सगळे त्याच्याकडे. लायसियस या वक्त्याने लिहिलेल्या एका न्यायालयीन भाषणात असा एक खोरेगोस आपला हिशेब सांगतो: शोकांतिकेच्या कोरसवर 30 मिना, म्हणजे 3,000 द्राख्मा. त्याच सुमाराच्या एरेख्थिऑन मंदिराच्या बांधकामाच्या हिशेबात कुशल कारागिराची मजुरी दिवसाला एक द्राख्मा पडली आहे. म्हणजे आठ वर्षे एकही सुट्टी न घेता राबणाऱ्या गवंड्याची कमाई एका उत्सवात खलास! इ.स.पू. 472 मध्ये एस्किलसच्या 'पर्शियन्स' या नाटकाचा खोरेगोस पुढे अथेन्सचा पुढारी झालेला पेरिक्लीस होता; तेव्हा तो विशीच्या आसपासचा होता. राजकारणात पाऊल टाकू पाहणाऱ्या तरुणाला लोकांच्या नजरेत भरण्याचा हा राजमार्गच होता.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे ही पंधरा माणसे व्यावसायिक नव्हती. ते अथेन्सचे सामान्य नागरिक होते, महिनोन्‌महिने तालीम करत, आणि त्या काळात त्यांना लष्करी सेवेतून सूट मिळे. त्याच उत्सवात डिथिरॅम्ब या समूहगीताच्या स्पर्धा होत, त्यात दहा जमातींपैकी प्रत्येकीचे 50 पुरुष आणि 50 मुले उतरत; म्हणजे हजार माणसे तिथेच झाली. दर वर्षी एवढ्या नागरिकांना नाचगाण्याचे शिक्षण मिळत असेल, तर बाकांवर बसलेल्यांपैकी किती जण कधी ना कधी स्वतः त्या ऑर्केस्ट्रात उतरलेले असतील याचा अंदाज करा. खुद्द सॉफोक्लीसने मुलगा असताना सालामिसच्या लढाईतील विजयानंतर गाणाऱ्या समूहाचे पुढारपण केले होते, असे त्याचे प्राचीन चरित्र सांगते. आपण कोरसकडे पाहतो तेव्हा आपल्याला 'मध्येच गाणारे लोक' दिसतात. अथेन्सकराला तिथे आपला शेजारी, आपला पुतण्या आणि बऱ्याचदा आपलीच जुनी तालीम दिसत होती.

पडद्याआड यांचे उत्तर

वरील माहिती बिनचूक आहे, परंतु त्यातून 'कोरसला हात लावू नये' असा निष्कर्ष कोणी काढणार असेल तर मी थोडा आडवा येतो. कोरस गाळण्याचे पाप आपल्या दिग्दर्शकांच्या आधी ग्रीकांनीच केले आहे. ॲरिस्टॉटल 'काव्यशास्त्रा'त लिहितो की, कोरसला नटांपैकीच एक समजावे आणि त्याने कृतीत भाग घ्यावा, युरिपिडीस या दुसऱ्या नाटककाराप्रमाणे नव्हे, तर सॉफोक्लीसप्रमाणे. त्याच ठिकाणी तो तक्रार करतो की, पुढच्या कवींची गाणी कथानकाला इतकी सुटी झाली आहेत की ती कोणत्याही नाटकात घालता येतील, आणि या प्रथेची सुरुवात आगाथॉन या कवीने केली. पुढे मेनांडरच्या सुखात्मिकांच्या पोथ्यांत तर दोन अंकांच्या मध्ये 'कोरसचे' एवढाच शब्द लिहिलेला आढळतो. गाण्याचे शब्द लिहून ठेवण्याचीही कोणाला गरज वाटली नाही. म्हणजे शे-सव्वाशे वर्षांत पाहुणी घरमालकीण झाली आणि घरमालकीण पाहुणी.

शिवाय आपल्या हाती जे उरले आहे ते कोरसचे फक्त शब्द आहेत. कडवे आणि प्रतिकडवे एकाच छंदात बांधलेले असे आणि बहुधा त्याच पदन्यासांत नाचले जाई. बोलण्याची भाषा अथेन्सची, तर गाण्यांच्या भाषेवर डोरिक या दुसऱ्या ग्रीक बोलीची छटा, साथीला वाद्य. यातले अभिवाचनात काय उरणार? युरिपिडीसच्या 'ओरेस्टीस'मधील काही ओळींची स्वरलिपी एका पपायरसच्या तुकड्यावर मिळाली आहे, पण तेवढ्याने काही मैफल भरत नाही. चाल नसलेला अभंग नुसता वाचून दाखवला तर तो जसा उघडाबोडका वाटतो, तसे ह्या गाण्यांचे होते. तेव्हा दिग्दर्शकांची चुळबुळीची भीती अगदीच निराधार नाही.

जाता जाता 'शोकांतिका' या शब्दाबद्दल. आपण तो इतका सर्रास वापरतो की शोकात अंत झालाच पाहिजे असे वाटू लागते. एस्किलसची 'ओरेस्टिया' ही नाट्यत्रयी इ.स.पू. 458 ची; ती संपते सूडदेवतांच्या समेटाने आणि मिरवणुकीने. युरिपिडीसच्या 'हेलन'मध्ये नवरा-बायको सुखरूप निसटतात. अथेन्सकरांच्या लेखी ही तितकीच अस्सल ट्रॅजेडी होती. स्पर्धेतली जागा, प्राचीन वीरकथेचा विषय, भारदस्त भाषा आणि कोरस यांनी हा प्रकार ठरत होता, रडण्याने नव्हे.

मृगजळ यांचे उत्तर

सर्वसाधारण चर्चा चांगली झाली आहे; मी फक्त 'राजा इडिपस'पुरते बोलते, कारण कात्री त्यालाच लागणार आहे. कोणतेही गाणे गाळण्यापूर्वी पुढच्या दोन जागा समोर ठेवून पाहाव्यात अशी विनंती आहे.

पहिली जागा तिसऱ्या गाण्याची. त्याआधी राणी जोकास्टाने नवऱ्याची, म्हणजे इडिपसची, समजूत घालताना सांगितलेले असते की, भविष्यवाण्यांना काडीचीही किंमत देऊ नकोस. तिचा पहिला नवरा लायस याला मुलाच्या हातून मरण येणार असे भाकीत होते, आणि तो तर तिठ्यावर लुटारूंच्या हातून मेला. हे ऐकलेला कोरस गाऊ लागतो. उन्मत्तपणातून जुलमी राजा जन्माला येतो, देवांचे शब्द खरे ठरत नसतील तर धर्म बुडालाच, असे म्हणता म्हणता तो अचानक विचारतो: अशा कृत्यांना मान मिळत असेल, तर मी नाचावे कशाला? आता हा प्रश्न कोणाचा? नाटकात तो थीबीजच्या वृद्धांचा आहे. पण मुखवट्याआड अथेन्सचा एक नागरिक आहे, तो त्या क्षणी खरोखर नाचत आहे, आणि तेही देवाच्या उत्सवात, त्याच देवाच्या मंदिराला लागून असलेल्या जागेत. देव खोटे असतील तर हा सगळा उत्सवच कशासाठी, असा तो प्रश्न थेट बाकांवर जाऊन आदळतो. गाणे संपते आणि जोकास्टा, जिने आत्ताच भाकितांची टर उडवली, तीच हार आणि धूप घेऊन अपोलोच्या वेदीपाशी प्रार्थनेला येते. तिची प्रार्थना संपताच कॉरिंथचा निरोप्या दाखल होतो. त्याची बातमी दिलासा देणारी वाटते, आणि तीच घात करते. मधले गाणे काढून टाकले तर जोकास्टा भविष्यवाण्यांना हसते आणि लगेच फुले वाहते. श्रोत्यांना ती नुसती चंचल वाटेल.

दुसरी जागा त्याच्या पुढच्या छोट्या गाण्याची, जेमतेम पंचवीस ओळींची. इडिपस उघड्यावर टाकलेले मूल होता हे कळले आहे, तो आपलाच मुलगा हे ओळखून जोकास्टा आत निघून गेली आहे, आणि कोरस मात्र आनंदाने गातो की, हा आपला राजा किथेरॉन पर्वतावरच्या एखाद्या अप्सरेला देवापासून झालेला मुलगा असावा! वाचताना हे गाणे बालिश वाटते. पण नटांचा हिशेब मांडून पाहा. बोलणारे नट तीनच. गाणे चालू असताना इडिपस आणि कॉरिंथचा निरोप्या रंगमंचावरच आहेत, आणि गाणे संपताच म्हातारा मेंढपाळ येतो व तिघेही बोलतात. म्हणजे मेंढपाळाचे काम करायला मोकळा नट एकच उरतो, आत गेलेली जोकास्टा. त्या पंचवीस ओळींत त्याने राणीचा मुखवटा उतरवून मेंढपाळाचा चढवायचा. आणि मेंढपाळ बाहेर येऊन काय सांगतो? ते तान्हे मूल माझ्या हाती राणीनेच दिले होते. देणारी आणि घेणारा, दोघांमागे एकच गळा. प्रेक्षकांना आवाज ओळखू येत असे की नाही यावर वाद घालता येईल, पण गाणे काढले तर ही अदलाबदलच शक्य होत नाही.

तेव्हा माझे मत असे: टायरेसियसच्या प्रवेशानंतरचे गाणे निम्मे करा, काही बिघडत नाही. ही दोन मात्र ठेवा. शेवटी सत्य उघडे पडल्यावरचे 'माणसांच्या पिढ्यांनो, तुमची बेरीज मी शून्य धरतो' अशा अर्थाचे गाणे तर कोणी गाळणार नाही असे मी धरून चालते.

जुनी_संहिता यांचे उत्तर

मृगजळ यांनी नटांचा जो हिशेब मांडला तो मी आजवर कागदावर करून पाहिला नव्हता. आभार.

पडद्याआड यांना एक आठवण करून देतो. सूर-ताल नसताना गाणी उघडीबोडकी वाटतात हे मान्य, पण त्या काळी ती अथेन्सबाहेरही लोकांच्या ओठांवर होती. प्राचीन चरित्रकार प्लुटार्क सांगतो की, इ.स.पू. 413 मध्ये सिसिलीतील मोहीम फसल्यावर पकडल्या गेलेल्या किंवा वाट चुकलेल्या काही अथेन्सकरांना युरिपिडीसची पदे म्हणून दाखवल्याबद्दल अन्नपाणी, काहींना तर सुटका मिळाली. त्याचीच दुसरी कथा इ.स.पू. 404 ची आहे. अथेन्स शरण आले होते, शहर जमीनदोस्त करून तिथे मेंढ्यांचे कुरण करावे असा प्रस्ताव पुढे आला होता, आणि मेजवानीत ग्रीसमधल्याच फोकिस प्रांताच्या एका माणसाने युरिपिडीसच्या 'इलेक्ट्रा'मधील कोरसचे प्रवेशगीत म्हटले. ते ऐकून विजेत्यांची मने द्रवली. प्लुटार्क या घटनांनंतर सुमारे पाचशे वर्षांनी लिहितो, त्यामुळे मीठ-मसाला वजा करावाच लागेल. तरी अशी आख्यायिका एखाद्या नटाच्या संवादाभोवती न जमता कोरसच्या गाण्याभोवती जमली, हे लक्षात घ्यावे.

तिसरी_घंटा यांचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल बैठकीत मृगजळ यांनी दाखवलेल्या दोन्ही जागा मोठ्याने वाचून दाखवल्या. 'मी नाचावे कशाला' या ओळीवर दिग्दर्शक थांबले आणि त्यांनी ती पुन्हा वाचायला लावली. ही दोन्ही गाणी आणि शेवटचे गाणे राहणार, पहिल्या गाण्यातील रोगराईचे वर्णन चार वाचक आलटून पालटून वाचणार आणि बाकीची गाणी संक्षिप्त होणार, असे ठरले. जोकास्टा आणि मेंढपाळ एकाच अभिनेत्रीकडे देण्यावर अजून वाद चालू आहे. गाण्यांच्या मागे ग्रीक प्रथेप्रमाणे बासरी ठेवावी असा विचार आहे. ते बरोबर ठरेल का?

पडद्याआड यांचे उत्तर

बासरी नको. भाषांतरांत ती सगळीकडे घुसली आहे, पण कोरसच्या साथीचे औलोस हे वाद्य बासरी नव्हे. त्याला जिव्हाळी असते, आणि वादक एकाच वेळी दोन नळ्या तोंडात धरून वाजवतो. नेपल्सच्या संग्रहालयात प्रोनोमोस या औलोसवादकाच्या नावाने ओळखला जाणारा इ.स.पू. 400 च्या सुमाराचा एक कलश आहे. त्यावर मुखवटे हातात घेतलेल्या कोरसच्या तरुणांमध्ये तो भरजरी पोशाखात मधोमध बसून वाजवताना दाखवला आहे. आवाज कसा असेल याची कल्पना करायची तर आपल्याकडची सनई जवळची. बासरीने गाणे हळुवार होईल, आणि त्या ओळींना हळुवारपणा मानवणार नाही.

तिसरी_घंटा यांचे उत्तर

आमच्या मंडळातले एक सभासद लग्नसराईत सनई वाजवतात. त्यांना विचारले, तर म्हणाले, वाजवतो, पण मंगलाष्टकांची सवय असलेल्या श्रोत्यांना इडिपसची वरात निघाल्यासारखे वाटू नये एवढे बघा. मी म्हटले, या नाटकात तेही चुकीचे ठरणार नाही. रविवारी पहिली तालीम आहे.