विषय: दहाव्या पिढीच्या इंटेलवर मॅक ओएस, जमेल का?

सप्रेम नमस्कार मंडळी,

माझा जुना आयमॅक गेल्या महिन्यात कायमचा बंद पडला. गेल्या पाच-सहा वर्षांचे फायनल कट प्रो या ॲपलच्या व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरचे प्रोजेक्ट डिस्कवर सुखरूप आहेत, पण ते दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये धड उघडत नाहीत. घरात एक जुळवलेला पीसी आहे: इंटेल कोअर आय-७ १०७००, झेड-४९० चिपसेटचा मदरबोर्ड, ३२ जीबी रॅम आणि एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० कार्ड. अशा पीसीवर मॅक ओएस बसवता येतं असं वाचलं. माझ्याच मदरबोर्डसाठी कुणीतरी तयार केलेलं ईएफआय फोल्डरही (यंत्र सुरू करणाऱ्या फाइलींचा संच) सापडलंय. तेच पेनड्राइव्हवर टाकलं तर चालेल का? आपल्यापैकी कुणी हे केलंय का?

*

विषय: उत्तर: दहाव्या पिढीच्या इंटेलवर मॅक ओएस, जमेल का?

नमस्कार,

मी गेली बरीच वर्षं अशी यंत्रं जुळवतो आहे, आणि तुझा मेल वाचून खरंच आनंद झाला. सगळ्यात आधी एकच विनंती: ते तयार फोल्डर वापरू नकोस. त्यात दुसऱ्याच्या बायोसची (मदरबोर्डमधल्या मूळ सॉफ्टवेअरची) आवृत्ती, दुसऱ्याचे यूएसबी पोर्ट आणि बरेचदा दुसऱ्याचा सिरीयल नंबरही असतो. एकच नंबर दोन यंत्रांवर दिसला की ॲपल आयडी आणि मेसेजेसच्या कटकटी सुरू होतात. त्याहून मोठी अडचण म्हणजे उद्या काही बिघडलं, तर कॉन्फिग.प्लिस्ट या सेटिंगच्या फाइलमधली कुठली ओळ कशासाठी आहे हे तुला कळणार नाही.

मुळात हे का जमतं ते आधी बघ. ॲपलने २००५ साली इंटेलकडे जायचं जाहीर केलं आणि २००६च्या जानेवारीत पहिले इंटेल मॅक आले. तेव्हापासून मॅकच्या आतलं सामान आणि पीसीचं सामान जवळपास सारखंच झालं. फरक उरला तो ओळखीचा. मॅकमध्ये एसएमसी नावाची एक चिप असते. सुरू होताना सिस्टीम तिच्याकडून एक किल्ली मागते, आणि ती मिळाली नाही तर फाइंडर आणि डॉकसारखे सांकेतिक रूपात ठेवलेले प्रोग्रॅम उलगडतच नाहीत. ती चिप असल्याचं भासवायचं काम व्हर्च्युअल एसएमसी हे केक्स्ट, म्हणजे सिस्टीमला जोडायचा ड्रायव्हरसारखा तुकडा, करतं. ओपनकोर हा बूटलोडर, म्हणजे सिस्टीम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, सिस्टीमच्या आधी उठतो, मदरबोर्डचे एसीपीआयचे तक्ते (यंत्रातल्या सामानाची सिस्टीमला दिलेली यादी) दुरुस्त करतो, हे यंत्र म्हणजे आयमॅक २०,१ हे ॲपलचं मॉडेल आहे असं सांगतो आणि लागतील ती केक्स्ट मेमरीत चढवतो. डिस्कवरच्या सिस्टीमला तो हात लावत नाही, म्हणूनच अपडेट सहसा नीट पार पडतात.

आता तुझं कार्ड. आरटीएक्स ३०६० काढून ठेव. ते चालणार नाही, आणि त्याला काही उपायही नाही. एनव्हिडियाच्याच जुन्या मॅक्सवेल आणि पास्कल पिढीच्या कार्डांना मॅक ओएसच्या २०१७च्या हाय सिएरा आवृत्तीपर्यंत ड्रायव्हर होते, पुढच्या मोहावे आवृत्तीपासून तेही थांबले. आरटीएक्स मालिकेसाठी तर मॅकचे ड्रायव्हर कधी निघालेच नाहीत. तुझ्या प्रोसेसरमध्ये यूएचडी ६३० ग्राफिक्स आहे. सुरुवात त्यावर कर. सगळं स्थिर झालं की एएमडीचं आरएक्स ६६०० घे. मॉन्टेरे आवृत्तीपासून पुढे ते थेट ओळखलं जातं. आरएक्स ७००० मालिकेतलं कार्ड मात्र घेऊ नकोस, मॅक ओएसमध्ये त्याचे ड्रायव्हरच नाहीत.

बायोसमध्ये सिक्युअर बूट, सीएसएम आणि सीएफजी लॉक बंद कर, अबव्ह ४जी डिकोडिंग चालू ठेव. बूट आर्ग्युमेंट्समध्ये, म्हणजे सुरू होताना सिस्टीमला द्यायच्या सूचनांत, मायनस व्ही (-v) जरूर घाल, म्हणजे लोगोऐवजी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं पळताना दिसतील. अडलं तर शेवटच्या चार ओळींचा फोटो काढून इथे पाठव.

*

विषय: उत्तर: उत्तर: दहाव्या पिढीच्या इंटेलवर मॅक ओएस, जमेल का?

काका, तुमचं समजावणं नेहमीसारखंच सुरेख आहे. एक बाजू मात्र राहिली, ती मांडते. मॅक ओएसच्या परवान्यात ही सिस्टीम ॲपलच्याच यंत्रावर चालवायची असं स्पष्ट लिहिलेलं आहे. अशी यंत्रं विकणाऱ्या सायस्टार कंपनीवर ॲपलने २००८मध्ये दावा लावला होता, आणि २००९मध्ये निकाल ॲपलच्या बाजूने लागला. घरी शिकण्यासाठी एखादं यंत्र जुळवणं आणि ते विकणं यात फरक आहे हे मला मान्य आहे, पण परवान्यातली अट दोन्हीकडे तीच. तेव्हा जिने विचारलंय तिने हे जाणून ठरवावं. आपल्या मंडळाच्या सामायिक कामासाठी असं यंत्र वापरू नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

*

विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: दहाव्या पिढीच्या इंटेलवर मॅक ओएस, जमेल का?

ताईंचं म्हणणं पूर्ण पटतं, आणि ते मी आधीच लिहायला हवं होतं. मंडळाच्या कामासाठी हे यंत्र नको. पोटापाण्याचं काम असेल तर तिथेही नको, कारण एखाद्या अपडेटनंतर दोन दिवस यंत्र उठलंच नाही, तर दाद कुणाकडे मागणार?

आणखी एक. ही वाट आता संपत आली आहे. २०२०मध्ये ॲपलने स्वतःच्या चिप आणल्या, आणि टाहो ही मॅक ओएसची इंटेल मॅकसाठीची शेवटची आवृत्ती असल्याचं २०२५च्या जूनमध्ये जाहीर केलं. तेव्हा हे यंत्र जुने प्रोजेक्ट बाहेर काढण्यासाठी आणि शिकण्यासाठी जुळव, पुढच्या दहा वर्षांच्या भरवशावर नको.

*

विषय: पेनड्राइव्ह सापडत नाही

काका, ताई, दोघांचे आभार. हे फक्त घरच्या कामासाठी आणि माझ्या जबाबदारीवर करते आहे.

फोल्डर पहिल्यापासून स्वतः बांधलं. दोन संध्याकाळी गेल्या, पण प्रत्येक ओळ कशासाठी आहे ते आता माहीत आहे. ओपनकोरचा मेनू आला, इन्स्टॉलर सुरू झाला, अक्षरं पळाली आणि थांबली. शेवटच्या ओळीत 'स्टिल वेटिंग फॉर रूट डिव्हाइस' असं आहे आणि थोड्या वेळाने मधोमध आडवी रेघ मारलेलं वर्तुळ येतं. पेनड्राइव्ह तर जागचा हललेला नाही!

*

विषय: उत्तर: पेनड्राइव्ह सापडत नाही

पेनड्राइव्ह बहुतेक निळ्या पोर्टमध्ये आहे. तो काळ्या, म्हणजे यूएसबी २च्या पोर्टमध्ये लाव आणि पुन्हा सुरू कर.

कारण असं की मॅक ओएस एका यूएसबी कंट्रोलरवर फक्त १५ पोर्ट मोजतं. तुझ्या चिपसेटचा कंट्रोलर २६पर्यंत दाखवतो, आणि एक निळा पोर्ट दोनदा मोजला जातो, एकदा यूएसबी २ म्हणून आणि एकदा यूएसबी ३ म्हणून. तुझा पेनड्राइव्ह १५च्या पलीकडे पडला, म्हणून बूटलोडरला दिसला आणि सिस्टीमला दिसला नाही.

इन्स्टॉल झालं की पोर्टांचा नकाशा काढ. यात घाई करू नकोस. कागदावर केसच्या पुढच्या-मागच्या बाजूचं चित्र काढ. एक यूएसबी २चा आणि एक यूएसबी ३चा पेनड्राइव्ह घेऊन प्रत्येक भोकात लाव, पडद्यावर एचएस (यूएसबी २) किंवा एसएस (यूएसबी ३) आणि त्यापुढचा जो आकडा उजळेल तो चित्रात त्या जागी लिही. नंतर लागणारे १५ निवड.

*

विषय: उत्तर: उत्तर: पेनड्राइव्ह सापडत नाही

काळ्या पोर्टमध्ये लावताच पुढे गेलं. अर्ध्या तासात डेस्कटॉप आला.

नकाशा वहीत काढला, १४ पोर्ट भरले. तरी यंत्र झोपवलं की दहा सेकंदांत आपोआप जागं व्हायचं. वही पुन्हा चाळली तेव्हा एचएस १४ समोर मी काहीच लिहिलेलं नाही हे लक्षात आलं. त्यात पेनड्राइव्ह लावायला भोकच नव्हतं. तो मदरबोर्डवरचा ब्लूटूथ निघाला, आणि मी त्याला बाहेरचा पोर्ट ठरवून बसले होते. त्याचा प्रकार २५५, म्हणजे अंतर्गत, असा केला. काल रात्री अकराला झोपवलेलं यंत्र आज सकाळी की-बोर्डला हात लावल्यावरच उठलं.

फायनल कटची लायब्ररी उघडली आहे. आता एकेक प्रोजेक्ट साध्या व्हिडिओ फाइलमध्ये काढून दुसऱ्या डिस्कवर ठेवते आहे. ४१पैकी ६ झाले.