गाडी येईपर्यंत गाव काय करतं? (अनुभव धागा)

शहरात जखमी प्राणी दिसला की फोन करायला चार नंबर हाताशी असतात. आडगावात गाडी पोचेपर्यंत दोन-तीन तास सहज जातात. वनखात्याचा १९२६ आणि फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा १९६२ बऱ्याच जणांना माहीत आहेत, त्यामुळे ते सोडून लिहा. गाडी येईपर्यंत गावाने काय केलं? आणि बाहेरून आलेली कुठली मदत खरंच कामी आली?

ओतूरकर
आमच्या जुन्नर तालुक्यात ऊसतोड लागली की बिबट्याची बछडी सापडणारच. मादी उसातच विते. टोळीतली बाई पाचट बाजूला करते, तर खाली मांजराएवढी पिल्लं. पूर्वी लोक उचलून घरी आणायचे, दूध पाजायचे. आता मुकादमच तोड थांबवतो. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातले डॉक्टर येऊन पिल्लं तपासतात. अंधार पडायच्या सुमारास ती त्याच फडात क्रेटमध्ये ठेवून, लांब कॅमेरा लावून सगळे निघून जातात. बहुतेक वेळा आई रात्रीच घेऊन जाते. इथे गावाने फक्त लांब राहायचं असतं, आणि तेच सगळ्यांत जड जातं! बघे हटले नाहीत तर ती फिरकत नाही. शिवाय टोळीचा तेवढा रोज बुडतो, त्याबद्दल कोणी बोलत नाही. आमच्याकडे एका बागायतदाराने टोळीला लगेच दुसरा फड तोडायला दिला. माझ्या लेखी पिल्लं त्यानेच वाचवली.

आळ्याची सून
ओतूरकर दादा, पिल्लं गोड असतात, मान्य. पण माझी गाभण शेळी बिबट्याने नेली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, अर्धी टाकून गेलाय ना, टाक तिच्यावर थिमेटचं विष. गावातल्या एका पोराने तिथल्या तिथे फोटो काढले, अर्ज भरला, पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर हलू दिलं नाही. भरपाई खात्यात आली. थिमेटची पुडी तशीच माळ्यावर राहिली. असे अर्ज भरून देणारी पोरं गावोगाव हवीत.

बोर्डीचा दर्यावर्दी
पावसाळ्यात कासवं किनाऱ्याला लागतात, बऱ्याचदा जाळ्यात अडकून पर कापलेली. लोक भाबडेपणाने पुन्हा लाटांत ढकलतात. थकलेलं कासव पाण्यात गुदमरतं हो! सावलीत ठेवा, पाठीवर ओलं फडकं टाका आणि कुत्री लांब ठेवा. आम्हाला डहाणूचं उपचार केंद्र जवळ, म्हणून बरं. जिवंत कासव जाळ्यात आलं तर जाळं कापावं लागतं. डिसेंबर २०१८ पासून त्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते, पण सोडतानाचा फोटो किंवा व्हिडिओ हवा. तेव्हा कोणाचा तरी मोबाईल चार्ज असला पाहिजे, एवढंच.

येवलेकर
संक्रांतीला नायलॉन मांजात अडकलेला पक्षी. ओढू नका, पंखाजवळ दोरा कापा, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा, पाणी चोचीत ओतू नका. बास.

जतचा
आमच्या माळावर बिनकठड्याच्या विहिरी पुष्कळ. कुत्रं, कोल्हा, एखादं खोंडसुद्धा पडतं. गावकरी हौसेने गळ्यात दोर टाकून ओढतात आणि जनावर फास बसून जातं. ॲनिमल राहत या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेची माणसं २००३ पासून सांगली-सोलापूरकडे काम करतात. त्यांचं पाहून आम्ही रुंद पट्टे पोटाखालून घ्यायला शिकलो. जनावर रानटी असेल तर चारही कोपऱ्यांना दोर बांधून खाट खाली सोडायची. ते वर चढून दम खातं, तोवर वनखात्याची माणसं येतात. पट्टे देवळात टांगलेले असतात, म्हणजे रात्री किल्ली शोधावी लागत नाही.

सर्पमित्र, आजरा
घोणस पकडायला वीस किलोमीटर जातो, पेट्रोल माझं. लोक चहा देतात आणि वर म्हणतात, जरा हातात धरून उभे राहा की, फोटो काढतो. फोटो नको, पेट्रोल द्या. आणि मी येईपर्यंत एकाने लांबून नजर ठेवा. साप कुठल्या फटीत गेला ते कळलं तरी अर्धं काम झालं.

पुण्यातला जतकर
भाऊ, मी पुण्याहून काय पाठवू? पट्टे, हातमोजे?

जतचा
हातमोजे जाड चामड्याचे पाठव. पण आधी तुमच्या पडीक विहिरीचा सातबारा बघ. त्यावर तुझ्यासकट पाच भावांची नावं आहेत आणि कठड्याला संमती एकाचीच आलीय.