प्रसादाचा मोदक आणि रात्रीची प्रार्थना: पोराला काय सांगू?

सातपूरचा_बाप
सर्वांना सलाम. प्रश्न साधा वाटेल, पण दोन आठवडे डोक्यातून जात नाहीये.

मी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत, तीन शिफ्टची नोकरी. मुलगा १३ वर्षांचा, मुलगी ८. सोसायटीत आमचं एकच घर ख्रिस्ती. गणपतीत खाली रोज आरती होते आणि आमचा पोरगा टाळ घेऊन पुढे. मी कधी अडवलं नाही, लहानपणी मीही वाजवलेत. यंदा तिसऱ्या दिवशी हातात मोदक घेऊन वर आला आणि दारातच थांबला. "पप्पा, खाऊ का? संडे स्कूलच्या टीचर म्हणतात, मूर्तीपुढचं खायचं नसतं."

मी नुकता कामावरून आलो होतो, बूटसुद्धा काढले नव्हते. म्हटलं, "खा नाहीतर टाक, मला काय विचारतोस." त्यानं मोदक बहिणीला देऊन टाकला.

रात्री कौटुंबिक प्रार्थनेला बोलावलं तर म्हणाला, "तुम्हाला तरी कुठं माहितेय?" माझा हात वर गेला. मारलं नाही. पण गेला. तेव्हापासून प्रार्थनेची वेळ झाली की हा बाथरूममध्ये. बायको म्हणते चर्चच्या पाळकसाहेबांना घरी बोलवा. मला वाटतं, घरातलं घरात मिटावं. तर प्रसादाचं त्याला काय सांगू, आणि प्रार्थनेला कसा बसवू?

वचन_पाळा
यात विचारायचं काय? बायबलमधल्या दानीएलानं राजाच्या ताटातलं अन्न नाकारलं, तेव्हा तोही पोरगाच होता. आज मोदक, उद्या आरती. आरती तर तुमच्याकडे सुरूच आहे म्हणा. तुम्ही ढिले, म्हणून पोर ढिलं.

रूथ_देवळालीगाव
दानीएल वाचलात, तसा बायबलमधल्याच पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा ८ वा अध्यायही वाचा की. मूर्तीला दाखवलेल्या अन्नाचाच प्रश्न आहे तिथं. पौल म्हणतो, खाल्ल्यानं आपण देवाच्या जवळ जात नाही आणि न खाल्ल्यानं आपलं काही कमी होत नाही. मात्र आपल्या खाण्यानं दुसऱ्या कुणा दुबळ्या माणसाचा विश्वास डळमळणार असेल तर खाऊ नका. म्हणजे "खा" किंवा "टाक" एवढ्यात संपणारी गोष्टच नाही ती, त्यात समोरच्या माणसाचा विचार करावा लागतो. तेरा वर्षांच्या पोराला हे कळतं. आपण समजतो त्यापेक्षा जास्त कळतं.

आणि फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला जाऊन बघा. मेणबत्ती घेऊन रांगेत उभे असलेले कितीतरी लोक ख्रिस्ती नसतात. त्यांच्या घरी कुणी त्यांना ढिलं म्हणत असेल का, कोण जाणे.

बाकी दादा, राग मानू नका, पण रविवारी तुम्ही कुठं असता? आमच्याकडे चर्चला आई, संडे स्कूलला आई, रात्री बायबल आई काढणार. बाप फक्त "बस खाली" म्हणायला. माझ्या नवऱ्याचंही हेच, म्हणून विचारते.

सातपूरचा_बाप
ताई, रविवारी झोपलेला असतो. थर्ड शिफ्ट असली की सकाळी सातला सुटतो. नसली तरी झोपतो, खरं सांगायचं तर.

जेलरोडचे_आजोबा
उशिरा लिहितोय. नातवानं मोठ्या अक्षरात करून दिलं तेव्हा वाचलं.

माझे वडील नाशिकरोडला प्रेसमध्ये होते. दिवसभर नोटांच्या कारखान्यात काम, आणि बाहेर पडताना गेटवर झडती. त्यांनी मला धर्म शिकवला असं काही आठवत नाही. त्यांची प्रार्थना सकाळी सायकलचं हँडल धरून उभ्या उभ्या, चार वाक्यांची. शरणपूरला आत्याकडे जायचो तेव्हा मात्र वाटेत एक गोष्ट ठरलेली. गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन पोरं इथल्या मिशनमध्ये वाढली, शिकली. त्यातलाच जेकब वेनराईट. १८७३ साली मिशनरी डॉ. लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारले, तेव्हा त्यांचं शव समुद्रापर्यंत वाहून नेणाऱ्यांत हा होता, आणि पुढच्या वर्षी लंडनला दफनाच्या वेळीही. "नाशिकचं पोरगं," वडील म्हणायचे, "आणि तू शाळेत चालत जायला रडतोस." संपली गोष्ट. पुढं कुठं 'घरी बसता, वाटेनं चालता मुलांना सांगत जा' असं बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या ६ व्या अध्यायात वाचलं की मला सायकलचा कॅरिअर आठवतो. बूड दुखायचं फार.

पण लिहायचं होतं ते वेगळंच. पगाराच्या दिवशी ते पाकीट आमच्यापुढं ठेवायचे. आम्ही चौघं भावंडं पैसे मोजायचो, दहावा भाग, म्हणजे दशमांश, देवासाठी आधी बाजूला. धाकट्याला भागाकार तिथंच आला. १९७४ साली आईचं ऑपरेशन झालं. त्या महिन्यात दशमांशाचे ४२ रुपये आम्ही बाजूला काढले, आणि वडिलांनी ते उचलून परत पाकिटात घातले. आम्ही बघतच राहिलो. म्हणाले, "या महिन्यात देवाचे पैसे मी घेतोय. मला दुसरी सोय करता आली नाही." मग कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीनं लिहिलं: देव, ४२. पुढचे सहा महिने दशमांशाबरोबर सात-सात रुपये जास्त. दर वेळी आमच्यापैकी एकानं काट मारायची. शेवटची काट मी मारली.

त्यांना आम्हाला न सांगता ते पैसे घेता आले असते. आम्हाला कुठं कळणार होतं?

तुमच्या पोरानं मोदक विचारला नाही हो. तो दारात थांबला, कारण त्याला वाटलं तुम्हाला माहीत असेल. नव्हतं, तर "मला माहीत नाही, बघू या" एवढंच म्हणायचं होतं. अजूनही म्हणता येईल. पौलाच्याच इफिसकरांस पत्राच्या ६ व्या अध्यायातलं पहिलं वचन, आईबापांच्या आज्ञेत राहा, आपण पोरांकडून घोकून घेतो. चौथं बापांसाठी आहे, मुलांना चिरडीस आणू नका. ते पाठ असलेला बाप मला अजून भेटायचाय. हात उगारल्याबद्दल त्याची माफी मागा, बहिणीच्या देखत. मग रूथताईंनी सांगितलेला अध्याय त्याच्याच हातात द्या आणि तुम्ही ऐका. पाळकसाहेबांना चहाला बोलवा, यासाठी नको.

वचन_पाळा
आजोबा, देवाचे पैसे खर्च केले हे उदाहरण म्हणून सांगता?

जेलरोडचे_आजोबा
हो.

सातपूरचा_बाप
तीन आठवड्यांनी लिहितोय. माफी मागितली. वाक्य पाठ करून गेलो होतो, निम्मं विसरलो. तो "बरं" म्हणाला आणि मोबाईल बघत बसला. अध्याय मात्र वाचला, आणि मला विचारलं, "मग मी खाल्ला असता तर टीचरला वाईट वाटलं असतं, नाही खाल्ला तर खालच्या काकूंना. यात दुबळा कोण?" मला उत्तर आलं नाही. तसं सांगितलं. पुढच्या वर्षीपर्यंत ठरवू म्हणाला.

रविवारी थर्ड शिफ्ट करून घरी न जाता सरळ शरणपूरला चर्चला गेलो. उपदेशात डोळा लागला. पोरगं कोपरानं ढोसत होतं, बायको दुसरीकडे बघत होती.

प्रार्थनेला बसत नाही अजून. बाथरूममध्येच जातो. पण काल आम्ही आमेन म्हटलं आणि आतून ओरडला, "आजीच्या गुडघ्याची राहिली!"