मृतजन्मानंतर वारेची (पोटात बाळाला पोसणाऱ्या प्लॅसेंटाची) तपासणी सक्तीची हवी का?

गोदाकाठ (धागाकर्ती)
हवीच. अमेरिकेत येल विद्यापीठातल्या हार्वे क्लायमन यांच्या गटाने 2023 साली 922 स्त्रियांच्या वारेचे 1,256 नमुने तपासले. या सगळ्यांचा आपोआप गर्भपात किंवा मृतजन्म झालेला, आणि 'कारण कळलं नाही' असा शेरा. सूक्ष्मदर्शकाखाली नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा वारेत दोष दिसला. मृतजन्मांमध्ये बऱ्याचदा वारच फार लहान होती.

माझ्या भाचीचं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं. वार पिवळ्या पिशवीत टाकली गेली. आता तिला पुन्हा दिवस गेलेत, डॉक्टर विचारतात मागच्या वेळी काय झालं होतं, आणि तिच्याकडे दाखवायला एक ओळही नाही.

पॅथॉलॉजीवाला
ताई, भाचीबद्दल फार वाईट वाटलं. पण सक्तीला माझा विरोध आहे. निरोगी बाळाच्या वारेतही गुठळ्या, फायब्रिनचे (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचे) थर, रक्तपुरवठा तुटून मेलेला एखादा भाग सापडतो. शिवाय बाळ गेल्यानंतर वार काही काळ आतच राहिली, तर तिच्यातल्या बाळाच्या रक्तवाहिन्या बंद होत जातात. हा मृत्यूचा परिणाम असतो, पण नवख्याला तेच कारण वाटतं. वार वाचायला शिकलेले पॅथॉलॉजिस्ट मोजके आहेत. सक्ती केली तर घाईघाईचे रिपोर्ट निघतील, आणि चुकीचं कारण हातात पडलेली आई स्वतःलाच दोष देत बसेल.

लेबररूम_सिस्टर
वार पडली की मी ती ट्रेमध्ये पसरते. आईकडच्या बाजूचे सगळे खंड जुळतात का, बाळाभोवतीच्या पिशवीचे पडदे पूर्ण आलेत का, पडद्यांना हिरवट रंग किंवा घाण वास आहे का, ते बघते. तुकडा आत राहिला तर रक्तस्राव होतो, म्हणून हे चुकवत नाही. काट्यावर ठेवायला मिनिटभर लागतं. पूर्ण दिवसांची वार साधारण अर्धा किलो भरते. निदान हे वजन केसपेपरवर यायलाच हवं. पण सक्ती नको. काही घरचे वार मागून नेतात, पुरतात. त्यांना न विचारता ती लॅबला कशी पाठवणार?

सह्याद्री_72
पैसा मर्यादित असेल तर तो आधी दर भेटीत बीपी आणि लघवी तपासण्यात घाला. 2017 च्या अ‍ॅस्प्री चाचणीत जास्त जोखमीच्या बायकांना रोज रात्री 150 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिलं, तर 37 आठवड्यांआधीच्या प्रीएक्लॅम्प्सियाचं (गरोदरपणात बीपी वाढून आई-बाळाला धोका होणाऱ्या आजाराचं) प्रमाण 4.3 वरून 1.6 टक्क्यांवर आलं. जीव इथे वाचतात. गेलेल्या बाळाची वार चिरून ते बाळ परत येत नाही.

गोदाकाठ
सह्याद्री, ते बाळ परत येत नाही, पण पुढचं वाचू शकतं. प्रीएक्लॅम्प्सियात वारेतून एक प्रथिन जास्त सुटतं आणि आईच्या रक्तवाहिन्या बिघडवतं, हे 2003 साली बॉस्टनमध्ये अनंत करुमांची यांच्या गटाने वार अभ्यासूनच दाखवलं. आज त्याच प्रथिनावर रक्ततपासणी निघाली आहे. वार न बघता हे कुठून कळलं असतं?

सिस्टर, संमतीचं तुमचं म्हणणं मान्य. मग सक्ती विचारण्याची करा: मृतजन्म झाला की आईला विचारायचं, तिचं उत्तर केसपेपरवर लिहायचं. पॅथॉलॉजीवाले डॉक्टर, अर्धवट रिपोर्टची भीती खरी आहे, पण वारेत आईच्या पेशींचा हल्ला दिसणारे काही आजार पुढच्या गरोदरपणात पुन्हा होतात आणि ते वार पाहिल्याशिवाय ओळखता येत नाहीत. त्या बाईला काय सांगायचं?

पॅथॉलॉजीवाला
तिच्यासाठी तपासणी हवीच, यात वाद नाही. मग वार, पडद्याची गुंडाळी आणि नाळेचे तुकडे नीट घ्यायला आधी शिकवा. जंतुसंसर्गाची शंका असेल तर फॉर्मेलिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रावणात) टाकण्याआधी कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायचा नमुना, घ्या. हे होईपर्यंत माझा विरोध कायम.