जीव सांभाळायचा की रोजी? टाळेबंदीत तुमच्या घरात काय ठरलं ते लिहा

२४ मार्च २०२०ला रात्री आठ वाजता कोरोनामुळे देशभर टाळेबंदीची घोषणा झाली. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. आमचं पुण्यात शाळेच्या वाटेवर वह्यापुस्तकांचं दुकान आहे. अशा दुकानाची वर्षाची कमाई जूनमध्ये होते, आणि त्या जूनचा माल बाबा फेब्रुवारीतच भरून ठेवतात, निम्मा उधारीवर. वह्यांचे गठ्ठे, खाकी कव्हरं, दप्तरं, कंपासपेट्या असं सगळं पोटमाळ्यावर रचलेलं होतं. २०२०च्या जूनमध्ये शाळा उघडल्या नाहीत. २०२१च्या जूनमध्येही नाहीत.

आईला दमा आहे. दुकानं उघडायला परवानगी मिळाली, पुढे रस्त्याच्या एका बाजूची दुकानं आज आणि समोरची उद्या असा सम-विषमचा नियम आला, तेव्हा घरात रोज तोच विषय. दुकान उघडलं तर हिला धोका, नाही उघडलं तर हिच्या पंपाला आणि गोळ्यांना पैसे कुठून आणायचे? एका संध्याकाळी बाबांनी उधारीची वही मिटली आणि गादीची वळकटी काखेत मारली. तेव्हापासून चार महिने ते दुकानाच्या पोटमाळ्यावर, न विकलेल्या वह्यांशेजारी झोपले. मी डबा पायरीवर ठेवायचे आणि दहा पावलं मागे यायचे. ते डबा उचलायचे, कालचा घासलेला डबा ठेवायचे. आई व्हिडिओ कॉलवर फक्त 'जेवलात का' एवढंच विचारायची.

माझं मत सांगते. बंद ठेवणं चूक नव्हतं. पण सगळ्यांसाठी ज्यांना बंद ठेवलं त्यांचं पोट सगळ्यांनी मिळून सांभाळायला हवं होतं. तो हिशोब ज्याचा त्याच्यावर सोडला गेला. बाबांना हे पटत नाही. त्यांच्या मते मास्क लावून, रांगा लावून जूनमध्येच सगळं सुरू करता आलं असतं. पाच वर्षं होऊन गेली तरी जेवताना विषय निघाला की आमचा वाद होतो.

म्हणून तुम्हाला विचारतेय. तुमच्या घरात तेव्हा काय ठरलं, कोणी ठरवलं, त्याचं मोल कोणी दिलं? कोणाला हरवायचं नाहीये, जे झालं ते लिहा.

सलूनवाला, नाशिक

ताई, आमची दुकानं २८ जून २०२०ला उघडली. तीन महिन्यांचं गाळ्याचं भाडं डोक्यावर. उघडली तीही फक्त कटिंगला, दाढीला परवानगी नाही. सलूनमध्ये रोजचा गल्ला दाढीवर चालतो. कटिंगला माणूस महिन्यातून एकदा येतो, दाढीला आठवड्यातून दोनदा. लोक खुर्चीत बसायचे, मास्क खाली करून गालावर हात फिरवायचे, आणि मला 'नाही साहेब' म्हणावं लागायचं.

दुकान बंद होतं तेव्हा एप्रिल-मेमध्ये घरी बोलावणारे पुष्कळ होते. दुप्पट पैसे देतो, मागच्या दाराने ये म्हणायचे. मी दोन घरी गेलो, खोटं बोलणार नाही. तिसऱ्या घरी आजोबांना खोकल्याची उबळ आली, तेव्हा माझं तोंड त्यांच्या कानापासून वीतभर होतं. अर्धी कटिंग झाली होती. पुरी केली, घरी आलो आणि चौदा दिवस पोरांपासून लांब गच्चीवर राहिलो. काही झालं नाही. पण त्यानंतर कोणाच्या घरी गेलो नाही, हातगाडीवर भाजी विकली. नियम बरोबर होता असं मी म्हणेन. माझ्या धंद्यात माणसाला हात लावल्याशिवाय काम होत नाही. पण तीन महिन्यांत गाळेमालकाने एक रुपया सोडला नाही, आणि त्याने सोडावा असं सांगणाराही कोणी नव्हता.

घरकाम करणाऱ्या बाईंची मुलगी, मुंबई उपनगर

आई सांगतेय, मी टाइप करतेय. आईची पाच घरं होती. सोसायटीने गेटवर कागद लावला, कामवाल्या बायकांना प्रवेश नाही. जूननंतर बाहेर सगळं हळूहळू उघडलं, तो कागद मात्र सप्टेंबरपर्यंत तसाच होता. पाचपैकी एका मावशींनी सगळे महिने पगार घरी पाठवला. दोघींनी एप्रिलचा दिला, पुढचे नाही. दोघींनी फोन उचलणं बंद केलं.

रेशनवर माणशी पाच किलो जास्तीचं धान्य मिळालं, त्यावर तगलो. पण गॅस, भाडं आणि माझ्या ऑनलाइन वर्गाचा रिचार्ज धान्याने भरता येत नाही. पाच रुपयांच्या शिवभोजन थाळीच्या रांगेत आई सुरुवातीला उभी राहायची नाही, लाज वाटायची. मग राहू लागली. २०२१च्या एप्रिलमध्ये नोंदणी असलेल्या घरेलू कामगारांना दीड हजार रुपये जाहीर झाले. आईने सतरा वर्षं घरकाम केलं होतं, नोंदणी मात्र कधीच केली नव्हती. अशी काही नोंदणी असते हेच ठाऊक नव्हतं.

द्राक्ष बागायतदार, तासगाव

थोडक्यात लिहितो. शेतीला कागदावर सूट होती. पण मजूर येईनात आणि व्यापारी सौदा सोडून गेला. मार्चअखेरीची बाग आठ दिवसही थांबत नाही. बेदाणा करायचं ठरवलं तर आख्ख्या तालुक्याने तेच ठरवलेलं, शेडवर रॅकला जागा नाही. घरच्या सहा जणांनी रात्री बॅटरीच्या उजेडात माल उतरवला. निम्मा वाचला. आमच्या गावात तेव्हा एकही रुग्ण नव्हता. मुंबई-पुण्याला लावलेलं कुलूप जसंच्या तसं आमच्या गावाला का लावलं, हे मला आजही समजत नाही.

स्टाफ नर्स (शहर लिहीत नाही)

दादा, पहिल्या लाटेत तुमच्या गावात रुग्ण नव्हता हे खरं. दुसऱ्या लाटेत माझ्या वॉर्डात निम्मे रुग्ण खेड्यातले होते, आणि ते उशिरा यायचे.

मी दोन्ही बाजू एकाच घरात पाहिल्या. २०२१च्या एप्रिलमध्ये माझ्या वॉर्डात एकही खाट रिकामी नव्हती. ऑक्सिजनचा टँकर निघाला का, कुठवर आला, एवढंच आम्ही एकमेकींना विचारायचो. बोटाला लावलेल्या त्या छोट्या यंत्रावर ९४चा आकडा ८८ झाला की नातेवाईक बाहेरून काचेवर हात ठेवायचे. त्या वेळी मला कोणी विचारलं असतं, तर मी सगळं दोन आठवडे आधीच बंद करा म्हटलं असतं.

ड्युटी संपवून घरी यायचे, तर धाकटा भाऊ जिन्यात बसलेला. तो दुसऱ्याची रिक्षा शिफ्टवर चालवायचा. रिक्षावाल्यांना दीड हजार मिळाले ते परवानाधारकांना, म्हणजे त्याच्या रिक्षाच्या मालकाला. हा रिकामा. वहिनी सातव्या महिन्यात. तो मला म्हणाला, "ताई, तुमच्याकडे माणसं दम लागून मरतात, आमच्याकडे हळूहळू मरतील, एवढाच फरक." मी त्याच्यावर ओरडले, कारण त्या दिवशी माझ्या हातून तिघं गेले होते. नंतर रात्री उठून त्याच्या दाराशी गेले. तो जागाच होता. मी पगारातले पैसे दिले, त्याने ते मोजले नाहीत. आजवर त्याने हप्त्याहप्त्याने परत केलेत. नको म्हटलं तरी करतो.

लघुउद्योजक, वाळूज

माझ्या शेडमध्ये सहा कामगार होते, सगळे मध्य प्रदेशचे. काम बंद, पण राहायला शेड आणि दोन वेळचं जेवण दिलं, अर्धा पगार दिला. मे उजाडला तसे ते म्हणू लागले, शेठ, आम्ही रुळाच्या कडेने चालत जातो. मी कसंबसं थोपवत होतो. ८ मेला पहाटे करमाडजवळ रुळावर झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. तेही मध्य प्रदेशचेच होते. त्या दिवशी दुपारी आमच्या शेडमध्ये कोणी जेवलं नाही, आणि त्यानंतर रुळाचं नाव कोणी काढलं नाही. पुढे श्रमिक रेल्वेत जागा मिळाली तेव्हाच ते गेले.

कर्जाबद्दल एक सांगतो, कारण बाहेरच्यांना वाटतं उद्योजकांना माफी मिळाली. मार्च ते ऑगस्ट २०२० हप्ते पुढे ढकलायची मुभा होती. हप्ता थांबला, व्याज चालूच होतं. ते मुद्दलात जाऊन बसलं.

सहापैकी चौघं परत आले, मी फोन करून बोलावलं म्हणून. त्यातला एक २०२१च्या एप्रिलमध्ये कोरोनाने वारला. कारखाना उत्पादनासाठी चालू ठेवायला परवानगी होती, नियमाविरुद्ध काही केलं नव्हतं. तरीही त्याला परत बोलवायला फोन मी केला होता, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. पुन्हा तसंच करीन का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण मी स्वतःला विचारतो. उत्तर दर वेळी वेगळं येतं.

ढोलकीवादक, तमाशा फड

चैत्रातल्या जत्रा म्हणजे आमचं पीक. पाडव्याच्या सुमाराला नारायणगावला राहुट्या पडतात, गावोगावचे कारभारी येऊन सुपारी देतात. कलावंतांनी मालकाकडून उचल घेतलेली असते, मालकाने सावकाराकडून. २०२०ला सगळ्या सुपाऱ्या मोडल्या, २०२१ला राहुट्याच नाहीत. दोन चैत्र गेले, उचल तशीच. मी कांदा काढायला जायचो. ढोलकीला हात नाही म्हणून बोटं आखडली होती, शेतात ती पुन्हा सोलली.

जत्रा बंद केल्या ते योग्यच. आमच्या कनातीत माणसाला माणूस चिकटून बसतो. पण २०२१च्या जानेवारीत ग्रामपंचायतीच्या निवडणुका झाल्या, गुलाल उधळला, ती गर्दी चालली. आमच्या पोटाची गर्दी तेवढी वाईट होती का?

निवृत्त शिक्षक, सातारा

माझी आजी प्लेगच्या आठवणी सांगायची. उंदीर पडले की गाव उठायचं, माळावर झोपड्या पडायच्या. घरं ओस, पण तिथून माणसं शेतावर जायची, गुरं राखायची. काम थांबत नव्हतं. १३ मार्च २०२०ला राज्यात जो साथरोग कायदा लागू झाला तो त्याच प्लेगच्या काळातला, १८९७चा. बंद काय करायचं याचे अधिकार त्यात आहेत. बंद केलेल्याची चूल चालवायचं बंधन त्यात कोणावर नाही. सव्वाशे वर्षांत ते कोणी लिहिलं नाही.

आयटी कर्मचारी, ठाणे

माझा पगार एक दिवसही थांबला नाही. सोसायटीच्या ग्रुपवर 'कडक लॉकडाऊन हवाच' असं लिहिणाऱ्यांत मी सर्वांत पुढे होतो, आणि कामवाल्या बायकांना गेटवर अडवायच्या ठरावाला मी हात वर केला होता. आई-वडील सत्तरीचे आहेत, त्यांच्या भीतीने केला. ते दोघं सुखरूप आहेत. उपनगरातल्या ताईंचा अनुभव वाचल्यापासून मला काम सुचत नाहीये. आमच्याकडच्या काकूंना मी दोन महिन्यांचे पैसे दिले आणि पुढे विसरलो. मुद्दाम नाही. विसरलो. ताई, तुमच्या आईंना विचाराल का, आता चार-पाच वर्षांनी ते पैसे द्यायला गेलो तर त्या काकूंना अपमान वाटेल का?

घरकाम करणाऱ्या बाईंची मुलगी

दादा, आईला वाचून दाखवलं. ती भाकऱ्या थापत होती, हात थांबवला नाही. म्हणाली, पाकिटात देऊ नका, हातात द्या, आणि कोणत्या महिन्यांचे ते बोलून द्या.

आणि त्या काकूंची नोंदणी झालीय का तेही विचारा, असं म्हणाली. आईने स्वतःची करून घेतलीय. कार्ड रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये ठेवलंय.